घाटाखालचा मुलूख
(गुरुजींच्या स्मरणार्थ धामणगाव बढे येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या जिल्ह्यातली दोन माणसं पुण्यात किंवा मुंबईत भेटली, की पहिला प्रश्न जातीचा नसतो, आडनावाचाही नसतो. ‘बुलढाण्याचे का? मग घाटावरचे की घाटाखालचे?’ हा तो प्रश्न. उत्तर ऐकलं की समोरच्याला बरंच काही कळतं. याचं पाणी कुठलं, बाजार कुठला, सोयरीक कुठे, निवडणुकीत हा कुणाच्या बाजूचा, सगळं. बाहेरच्या जिल्ह्यातल्या माणसाला ही भानगड समजावून सांगता सांगता चहा थंड होतो.

आपण घाटाखालचे. थोडं नेमकं बोलायचं तर घाटाच्या अगदी पायाशी बसलेले. अजिंठ्याची रांग इथून डोळ्यांसमोर आहे. ज्या गुरुजींच्या नावानं आपण दरवर्षी जमतो, ते चौथीला भूगोल शिकवताना नकाशा गुंडाळून ठेवायचे आणि खिडकीकडे बोट करायचे. त्या माथ्यावर पावसाचा एक थेंब पडला तर कुठे जाईल, असं विचारायचे. आम्ही म्हणायचो, ‘नाल्यात!’ आणि ते म्हणायचे, ‘बरोबर, पण कोणत्या?’

आजचं माझं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं जरा उशिरा दिलेलं उत्तर आहे. विषय मला दिला गेला तो ‘आपल्या परिसरातील प्रेक्षणीय स्थळे व इतिहास’. असा विषय म्हटला की आपण भराभर नावं घेतो : शेगाव, लोणार, सिंदखेडराजा, अजिंठा, सैलानी. पाहुणा आला तर त्याला गाडीत घालून तिकडे पाठवतो. ती सगळी स्थळं थोर आहेत. पण पाहुण्याला आपल्या गावातून बाहेर काढण्याची घाई आपल्यालाच जास्त असते. इथे काय आहे पाहायला, असं आपणच म्हणतो.

तर थेंबाकडे. माथ्याच्या दक्षिण उतारावर पडलेला थेंब मढजवळ उगम पावणाऱ्या पैनगंगेला मिळतो. पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेतून गोदावरीला, आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. त्याच ढगातून, हातभर अलीकडे, उत्तरेला पडलेला थेंब नळगंगेला किंवा तिच्या शेजारच्या एखाद्या नाल्याला लागतो, पूर्णेत जातो, चांगदेवला तापीला भेटतो आणि सुरतेच्या पुढे खंबातच्या आखातात पोहोचतो. म्हणजे आपल्या डोक्यावरची ही कड भारताच्या दोन समुद्रांचं पाणी वाटून देते. दोन भावांच्या वाटणीत मोजणीदार येतो, खुणा घालतो, तरी भांडणं राहतात. ही वाटणी लाखो वर्षं बिनतक्रार चालली आहे.

आता सरकारच तिच्यात हात घालणार आहे. वैनगंगा–नळगंगा जोड प्रकल्पाला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली. भंडाऱ्याकडच्या गोसीखुर्दपासून आपल्या नळगंगेच्या धरणापर्यंत सव्वाचारशे किलोमीटरहून लांब कालवा आणि खर्च ८७ हजार कोटींच्या पुढे. गोदावरीच्या खोऱ्यातलं पाणी तापीच्या खोऱ्यात. कालवा होईल तेव्हा होईल. आपल्या नळगंगेचं नाव एवढ्या मोठ्या कागदावर कसं गेलं, हे मात्र मुलांना आजच सांगितलं पाहिजे.

घाट पाणी वाटतो तसा माणसांनाही वाटतो आणि अडवतोही. जुन्या फारसी कागदांत वऱ्हाडाचे दोन भाग सांगितलेले आहेत, पाईनघाट आणि बालाघाट. आपलं ‘खालचे’ आणि ‘वरचे’ हे त्यांचंच मराठी. खानदेशातून, बुऱ्हाणपूरकडून येणाऱ्या फौजेला दख्खनच्या पठारावर चढायचं, तर कुठेतरी घाट गाठावा लागे. दौलताबादेहून किंवा नगरहून उतरणाऱ्या फौजेलाही तेच. जिथे चढण जरा सौम्य आणि पायथ्याशी पाणी, तिथे गाठ पडणार. आपल्या शेजारचं रोहिणखेड हे असं गाव आहे, आणि माझं निम्मं व्याख्यान मी त्याच गावात मुक्काम करणार आहे. बाकीच्या गावांनी रागावू नये.

रोहिणखेडची पहिली लढाई १४३७ ची. तिचं मूळ एका घरगुती तक्रारीत आहे. बिदरच्या गादीवर अलाउद्दीन बहमनी होता. त्याची बेगम खानदेशच्या नासिरखान फारुकीची मुलगी. सुलतानानं कोकणात स्वारी करून संगमेश्वरच्या राजाची मुलगी आणली. ती रूपानं अशी की तिला झेबा-चेहरा म्हणू लागले. थोरल्या बेगमेनं बापाला कळवलं, माझ्याकडे कुणी पाहत नाही. बापानं फौज घेऊन वऱ्हाडावर चाल केली. वऱ्हाडातले काही सरदार त्याला फितूर झाले. इथला बहमनी सुभेदार नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. मग बिदरहून खलफ हसन बसरी नावाचा सरदार आला, ज्याला मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, असा किताब होता. त्यानं रोहिणखेडला नासिरखानाला गाठलं, मोडलं, आणि थेट बुऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग करून ते शहर लुटलं. नासिरखान त्यानंतर फार जगला नाही.

जरा विचार करा. सासर बिदर, माहेर बुऱ्हाणपूर, सवत संगमेश्वरची आणि रक्त सांडलं ते आपल्या घाटाच्या पायथ्याशी. सोयरिकीतलं भांडण तिसऱ्याच गावाच्या शिवारात मिटवण्याची पद्धत आपल्याकडे एवढी जुनी आहे.

दुसऱ्या गोष्टीचे धागे जास्त गुंतलेले आहेत, आणि तिचा साक्षीदार आजही उभा आहे. इमादशाही संपवून अहमदनगरच्या निजामशहानं १५७४ मध्ये वऱ्हाड घेतलं. त्या काळात खुदावंदखान महदवी नावाचा सरदार या भागात होता. त्यानं १५८१ मध्ये घाटावर साखरखेर्ड्याला मशीद बांधली आणि पुढच्याच वर्षी, १५८२ मध्ये, घाटाखाली रोहिणखेडला. एक वर, एक खाली. इंग्रजांच्या गॅझेटिअरनं रोहिणखेडच्या मशिदीला ‘लहान पण देखणी’ म्हटलं आहे, आणि गॅझेटिअर लिहिणारे साहेब कौतुक करताना हात आखडता घेत, हे लक्षात ठेवा.

खुदावंदखानाच्या नावातलं ‘महदवी’ म्हणजे काय? जौनपूरचे सय्यद मुहम्मद (१४४३–१५०५) यांना जे लोक महदी, म्हणजे शेवटच्या काळी येणारा मार्गदर्शक, मानत त्यांचा हा पंथ. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिजरी सनाची हजार वर्षं भरत आली होती. १५९१–९२ म्हणजे हिजरी १०००. जग बदलणार असं अनेकांना वाटत होतं. अशा वेळी नगरात एकामागून एक खून पडले. मुर्तजा निजामशहाला मुलानंच मारलं, तो मुलगाही वर्षभराच्या आत मारला गेला, आणि दंगलीतून वर आलेल्या जमालखान महदवीनं इस्माईल नावाच्या पोराला गादीवर बसवून कारभार हाती घेतला. पोराचा बाप बुऱ्हाण तेव्हा अकबराच्या आश्रयाला होता. बाप परत आला तो मुलाविरुद्ध. खानदेशचा राजा अलीखान फारुकी त्याच्या मदतीला. १५९० मध्ये गाठ पडली ती रोहिणखेडला. जमालखान पडला, इस्माईल पकडला गेला, बुऱ्हाण निजामशहा झाला आणि नगरात महदवींची सद्दी संपली.

खुदावंदखानाच्या पंथाचा हा नेता ज्या गावी मारला गेला, त्याच गावी खुदावंदखानानं आठ वर्षांपूर्वी मशीद उभी केली होती. मी त्या मशिदीपाशी जातो तेव्हा मला कमानीपेक्षा हे अंतर जास्त जाणवतं. आठ वर्षं म्हणजे किती? आपल्याकडे संत्र्याची बाग लावली तर ती ऐन भरात यायला साधारण तेवढीच लागतात. पुढची साखळी तुम्ही पुस्तकात वाचली आहे. बुऱ्हाण १५९५ मध्ये गेला, मोगलांनी नगरला वेढा घातला, चांदबिबीनं किल्ला लढवला आणि १५९६ मध्ये तहात वऱ्हाड अकबराला द्यावं लागलं. चांदबिबीची गोष्ट आपल्या मुलांना पाठ असते. तिच्या आधीचं पान रोहिणखेडच्या शिवारात आहे, हे कुणी सांगत नाही.

घाटावरची जोडीदार मशीद राहिली. तिच्या गावाचंही ऐका. ११ ऑक्टोबर १७२४ ला साखरखेर्ड्याजवळ निजाम-उल-मुल्कानं मोगल सुभेदार मुबारिजखानाला हरवलं. थोरला बाजीराव तेव्हा निजामाच्या बाजूला होता. जिंकल्यावर निजामानं गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं, आणि हैदराबादचं राज्य खऱ्या अर्थानं या दिवसापासून सुरू झालं. ते १९४८ पर्यंत टिकलं. लोकांनी मात्र ‘फत्ते’ पुसून साखर परत आणली. मला ही गोष्ट फार आवडते.

त्या राज्याची शीव आपल्यापासून किती जवळ होती, हे आज कुणाला सांगून पटत नाही. १८५३ मध्ये निजामानं फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांकडे दिलं. १९०२ मध्ये कर्झननं ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं. म्हणजे आपले पणजोबा कागदोपत्री निजामाचे आणि कारभारात इंग्रजांचे. १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताबही मिळाला. मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची. सातबाऱ्यावर अशा नोंदी आपण रोज पाहतो. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. आपण वऱ्हाडात. पश्चिमेला दोन पावलं टाकली की जामनेर तालुका, मुंबई इलाख्यातलं खानदेश. घाट चढून धाडच्या पलीकडे गेलं की भोकरदन आणि अजिंठा, निजामाचं हैदराबाद. एका दिवसाच्या बैलगाडीत तीन सरकारं. पलीकडे करोडगिरीचं नाकं, मालावर जकात, आणि पैसाही वेगळा : इकडे कलदार, तिकडे हाली शिक्का. बैल विकायला गेलेल्या माणसाला गणित आपोआप येत असणार.

सरकारं गेली, पण सरमिसळ राहिली. आपल्या बोलीत वऱ्हाडी ‘काहून’ आहे आणि खानदेशाकडची लेवा बोलीही आहे. ताटात कळण्याची भाकरी आणि भरीत आहे, वरणबट्टी आहे. नाव विचाराल तर धामणगाव. धामण साप की धामणीचं झाड, यावर पारावर दोन तट पडतात आणि ते पडू द्यावेत. ‘बढे’ लावलं नाही तर आपलं टपाल अमरावतीच्या धामणगाव रेल्वेला जायचं.

रेल्वेवरून मलकापूर आठवलं. फारुकींच्या एका राजपुत्रानं वसवलं आणि मलिका नावाच्या मुलीवरून नाव ठेवलं, अशी तिथली आख्यायिका आहे. १७६१ मध्ये राघोबादादाच्या फौजेला लूट टाळण्यासाठी मलकापूरनं ६० हजार रुपये मोजले. त्या काळी एवढी रक्कम देऊ शकणारी पेठ किती भरलेली असेल! पुढे १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोहोचले आणि अमेरिकेतल्या यादवीनं कापसाचा भाव चढवला होता, त्याची नशा इकडे उतरायची होती. खामगावची छोटी लाइन १८७० मध्ये सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. आपल्या कापसाच्या गाड्या मग घाटाकडे पाठ करून स्टेशनाकडे वळल्या. घाटाच्या वाटा ओस पडल्या त्या तेव्हापासून, लढायांमुळे नव्हे.

आता पाहायच्या जागांविषयी. आधी एक शब्द. आपल्याकडे कोणतंही काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की आपण ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. त्याच्या आधीची कित्येक देवळंही त्याच्याच नावावर चढली आहेत. आपल्या तालुक्यातल्या कोथळीला जाल तेव्हा हे मनात ठेवा. ही कोथळी निराळी, मुक्ताईनगरजवळची मुक्ताबाईची निराळी. मोताळ्याच्या कोथळीत यादवकाळच्या घडणीची जुनी महादेवाची देवळं आहेत, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. चुना न घालता दगडावर दगड बसवण्याची जी रीत तिथे दिसते, ती पाहण्यासाठी लोक लोणारच्या दैत्यसुदनापर्यंत जातात.

लोणारला जरूर जा. आकाशातून पडलेल्या दगडानं बेसॉल्टात खणलेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर जगात विरळा. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांना आपल्या जिल्ह्याचं नाव पहिल्यांदा बरोबर लिहावं लागलं. त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. सिंदखेडराजालाही जा, पण १२ जानेवारीची गर्दी ओसरल्यावर. लखुजी जाधवरावांची समाधी निवांतपणे पाहा. देवगिरीवर १६२९ मध्ये ज्याला दगा देऊन मारलं, त्या बापाच्या मुलीनं पुढे काय घडवलं, हे त्या भल्या थोरल्या बांधकामासमोर उभं राहून वेगळंच कळतं.

अजिंठा मात्र मी परका मानत नाही. तो आपलाच आहे, आपल्याच कडेचा. तीच डोंगररांग, तोच उत्तरेकडचा उतार. लेण्यांखालून वाहणारी वाघूर तापीलाच जाते, आपल्या नळगंगेसारखी. सोळाव्या लेण्यात लेख आहे तो वराहदेवाचा, वाकाटक राजा हरिषेणाच्या मंत्र्याचा. ते वाकाटक वत्सगुल्मचे, म्हणजे आजच्या वाशीमचे. वऱ्हाडातल्या राजाच्या मंत्र्यानं घाटाच्या पायथ्याशी लेणं कोरवलं. २८ एप्रिल १८१९ ला मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ शिकारीला आला आणि त्यानं लेणी ‘शोधली’ म्हणतात. लेणापूरच्या लोकांना ती हरवल्याचं माहीत नव्हतं.

आणखी एक प्रवासी सांगतो, आपल्या वाटेवरचा. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून टी-१-सी-१ नावाचा तरुण वाघ निघाला. गळ्यात पट्टा होता म्हणून कळलं. शेतं, नाले, महामार्ग ओलांडत तेराशे किलोमीटर चालून वर्षअखेरीस आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, आणि मध्ये अजिंठ्याच्या डोंगरातही फिरून आला. त्याला कुणी नकाशा दिला नव्हता. घाटाची कड धरून गेलं की आडोसा मिळतो आणि पाणी मिळतं, हे खलफ हसन बसरीच्या घोडेस्वारांनाही ठाऊक होतं.

जमीन अशी वाचण्याविषयी इंग्लंडमध्ये डब्ल्यू. जी. हॉस्किन्स नावाच्या इतिहासकारानं १९५५ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की वाचता येत असेल, तर शेताची कुंपणं, वाकडे रस्ते आणि पडकी गावं यांच्याइतकं जुनं दफ्तर दुसरं नाही. तिकडे आपल्याएवढ्या गावातही निवृत्त मास्तर, टपालवाला, दुकानदार मिळून इतिहासमंडळ चालवतात, पायवाटांचे नकाशे काढतात. मी ते वाचलं आणि हसलो, कारण आपल्या भाषेत हे शब्द आधीच होते. ‘पांढरी’ आणि ‘काळी’. पांढरी म्हणजे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, राख मिसळली ती वस्तीची माती; काळी म्हणजे पिकाची. आपण काय केलं? पडक्या गढ्यांची आणि उजाड गावठाणांची पांढरी माती खणून धाब्यावर टाकली, शेतात टाकली. तिच्याबरोबर खापरं, मणी, नाणी गेली. मी स्वतः लहानपणी अशा खड्ड्यातून निळे काचेचे मणी गोळा करून गोट्यांच्या बदल्यात देऊन टाकले आहेत. त्याचं आज वाईट वाटतं, पण गोट्या चांगल्या होत्या.

कागदही आहेत. विदर्भातल्या प्रत्येक गावाचा ‘वाजिब-उल-अर्ज’ आणि ‘निस्तारपत्रक’ तहसिलीत असतं. कोणत्या वाटेनं गुरं जायची, कोणत्या नाल्यावर कुणाचा हक्क, कोणत्या झाडाची फळं गावाची, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. मी एका कचेरीत मागितलं तर ‘हे काय असतं?’ असं विचारण्यात आलं. तीन चकरांनंतर कपाटामागून निघालं, कडा उंदरांनी खाल्लेल्या. पांदणीच्या वादात कोर्टात जाण्याआधी एकदा ते काढून वाचा. वकील कमी लागेल.

आणि बुलढाण्याला कचेरीच्या कामानं गेलात तर हेही आठवा. त्याच गावात, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतल्या एका कारकुनाच्या मुलीनं, ताराबाई शिंदेनं, सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरची वर्तमानपत्री बडबड वाचून संतापानं ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. १८८२ मध्ये ते पुण्यात छापलं गेलं. जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली. घाटावरच्या मुलींनीच काय ती ताराबाईवर मालकी सांगावी असं नाही. समोर बसलेल्या घाटाखालच्या मुलींनी ते पुस्तक वाचनालयातून मागून घ्यावं. नसेल तर वाचनालयाला मागायला लावावं.

मी बोलायला उभा राहिलो तेव्हा अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं, ते आता माझ्याकडे वळवलं आहे. म्हणून एवढंच. उद्या रविवार. सकाळी सहाला एसटी स्टँडवर जमायचं आणि रोहिणखेडला जायचं. जाताना मशिदीपाशी थांबू, येताना कोथळीचं देऊळ करू. एका मळ्यात हुरड्याची सोय झाली आहे. मोठ्यांनी टोपी आणि पाणी घ्यावं, मुलांनी वही-पेन्सिल. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत चढणार आहोत, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. वर पोहोचल्यावर गुरुजींचा तो थेंबाचा प्रश्न मी पुन्हा विचारणार आहे.